ओढून घेतलेला श्वास

आमच्या घरात खोकल्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. मी खोकायचे, माझा धाकटा भाऊ दिगू खोकायचा, आणि नुसत्या खोकण्यावरून आई चुलीपुढं बसल्या बसल्या ओळखायची, की कोण दारात आहे आणि कोण न्हाणीत. केजला आमचं घर दोन खोल्यांचं. पुढं रस्त्याच्या अंगाला आईची पिठाची गिरणी. बाबा केज-बीड काळी-पिवळी जीप चालवतात. दळण घेऊन आलेल्या बाया म्हणायच्या, "गिरणीवालीची लेकरं ती, खोकणारच की." आणि तेवढ्यावर तो विषय संपायचा.

शाळेत असताना एकदा आणि कॉलेजात असताना पुन्हा एकदा मला टीबीच्या गोळ्या दिल्या. थुंकीत टीबी कधी सापडला नाही, पण फोटोत छातीवर डाग होते, अंगावर मांस नव्हतं, मग दुसरं काय असणार? गोळ्या संपल्या, खोकला तसाच राहिला. दिगूची तऱ्हा निराळी. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, घरात सगळ्यात जास्त जेवणारा आणि सगळ्यात बारीक. भाकरीवर भाकरी खाऊन उठायचा, तरी शर्ट अंगात घातला आहे की काठीला अडकवला आहे ते कळायचं नाही. खाल्लेलं पोटात टिकायचंच नाही त्याच्या. पोरं चेष्टा करायची, आणि तो त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा.

मी हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या कुणाच्या तरी घरात वाचलं जावं म्हणून. पण आधीच सांगते, शेवटी सगळं ठीक झालं असं यात नाही. तसं वाचायचं असेल तर हे बाजूला ठेवलं तरी मला वाईट वाटणार नाही.

घामाची तपासणी

माझं एकविसावं वर्ष चालू होतं. तहसील कचेरीसमोर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या एका दुकानात मी कामाला होते. उन्हाळ्यात दुकानातच चक्कर येऊन पडले. बीडच्या सरकारी दवाखान्यातून संभाजीनगरला, आणि तिथून पुण्याला. पुण्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावायच्या आधी माझे हात हातात घेतले. बोटांची टोकं निरखून बघितली. माझ्या बोटांची टोकं फुगीर आहेत, नखं वरून वाकलेली. मला वाटायचं ती आमच्या घराण्याची ठेवण आहे, कारण दिगूचीही तशीच होती.

"घरात आणखी कुणाची बोटं अशी आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

दिगू बाहेर बाकावर बसून कुणाला तरी क्रिकेटचं काहीतरी सांगत होता. त्यालाही आत बोलावलं.

डॉक्टर म्हणाले, दोघांचा घाम तपासायचा. दिगू फिसकन हसला. "बीडचा घाम तपासायला पुन्याला यायचं? तिकडं बादलीनं दिला असता की, साहेब." डॉक्टरही हसले. हातावर काहीतरी लावून घाम काढला, टिपून घेतला. मग त्यांनी आईला एक विचित्र प्रश्न विचारला. लहानपणी मुलांचा मुका घेतल्यावर तोंडाला खारट लागायचं का?

"लागायचंच की," आई म्हणाली. "समद्याच लेकरायचं लागतं न्हवं?"

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. आई माझ्याकडं बघत राहिली. त्या खोलीत तिला पहिल्यांदा कळलं, की समद्या लेकरांचं तसं लागत नाही.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. पुस्तकातलं मी सांगत नाही. एवढंच, की अंगातला ओलावा घट्ट होतो, चिकट होतो. फुफ्फुसात तो डिंकासारखा बसतो, त्यात जंतू घर करतात, आणि हळूहळू फुफ्फुस निकामी होत जातं. पोटातही तेच, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. जन्मापासून असतो. जात नाही.

"आईवडील नात्यातले आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मामाची लेक हाय माझी," बाबा म्हणाले. आमच्याकडं मामाची मुलगी करणं यात सांगण्यासारखं काही नसतं. तुम्ही कुठल्या गावचे, असं विचारल्यासारखंच ते. डॉक्टरांनी कागदावर गोल-चौकोन काढून समजावलं. दोघांकडं अर्धा अर्धा दोष होता, दोघांनाही त्याचा त्रास नव्हता, मुलांमध्ये तो पूर्ण झाला. "यात कुणाची चूक नाही," ते दोनदा म्हणाले. नवीन औषधं निघाली आहेत, पण या आजाराच्याही जाती असतात, आणि तुमच्या जातीला ती लागू पडत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. दिगू म्हणाला, "म्हंजे इथंबी दाखला आडवा आला." या वेळी कोणी हसलं नाही.

येताना बाबांनी मांजरसुंब्याला धाब्यावर जीप थांबवली. रोज प्रवाशांना घेऊन ते तिथंच थांबतात, धाब्यावाला ओळखीचा. त्यानं न विचारता पिठलं-भाकरी आणून ठेवली. आम्ही चौघं त्या ताटांभोवती बसलो. बराच वेळ झाल्यावर बाबांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "चला." आईनं चारही भाकरी पदरात बांधून घेतल्या. अन्न टाकणं तिच्यानं त्या दिवशीही झालं नाही.

आजी, म्हणजे बाबांची आई, हीच माझ्या आईची आत्या. भावाची लेक तिनंच सून करून आणली होती. तिला काय सांगायचं, कसं सांगायचं, यावर बाबा आठवडाभर गप्प होते. शेवटी आईनंच सांगितलं. आजी म्हणाली, "म्हंजे म्याच केलं म्हनायचं." आई म्हणाली, "कुनी न्हाई केलं, आत्या." पण त्यानंतर आजी चुलत्याकडं शेतात राहायला गेली ती गेलीच. सणाला आली तरी ओसरीवर बसायची, आत यायची नाही.

एका घरात दोघं

सगळ्यात अवघड गोष्ट डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत सांगितली. माझ्या छातीतले जंतू दिगूला लागले तर त्याचं फुफ्फुस लवकर जाईल, आणि त्याचे मला लागले तर माझं. हा आजार असलेल्या दोघांनी एकमेकांच्या जवळ येऊ नये. एका खोलीत झोपू नये, एका गाडीत बसू नये, एकमेकांचं भांडं वापरू नये.

"एका ताटात जेवलेले हायेत हो ते," आई म्हणाली.

"इथून पुढं नको," डॉक्टर म्हणाले.

दोन खोल्यांच्या घरात दोन माणसांनी एकमेकांपासून लांब राहायचं. मागची खोली माझी, पुढची दिगूची, आणि मधलं दार बंद. तो अंगणात आला की मी आत. मी नळावर गेले की तो आत. दवाखान्यात जायचं तर वेगवेगळ्या दिवशी. राखी मी दाराच्या कडीला अडकवायची, आणि तो आपल्या हातानं बांधून घ्यायचा. लोकांना वाटलं आमचं भांडण झालं. आई लोकांना काय सांगणार? बाबा तर जीपमध्ये कुणी विचारलं की "दमा हाय," एवढंच म्हणायचे. आजाराचं नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं, आणि बसवून घ्यायचीही त्यांची इच्छा नव्हती.

गिरणीही बंद झाली. पिठाची धूळ आमच्यासाठी विष आहे, म्हटल्यावर आईनं घरी आल्या दिवशीच पट्टा काढून ठेवला. सिरसाळ्याचा एक माणूस गिरणी घेऊन गेला. पुढं कितीतरी दिवस बाया डोक्यावर दळणाचे डबे घेऊन यायच्या आणि दारात थबकायच्या. आई त्यांना दुसऱ्या गिरणीचा रस्ता दाखवायची. दुपारी ती रिकाम्या गिरणीच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. एकदा मी म्हटलं, "आई, झोप की जरा." ती म्हणाली, "हाताला सवय न्हाई गं रिकामं बसायची."

आमचा दिवस सकाळी मिठाच्या पाण्याच्या वाफेनं सुरू व्हायचा. मग आई पाठीवर हाताची ओंजळ करून थापायची, कफ सुटायला. आधी माझ्या, मग आंघोळ करून, लुगडं बदलून दिगूच्या. जेवताना अन्न पचायची कॅप्सूल, जेवणात जास्तीचं मीठ, कारण आमच्या अंगातलं मीठ घामातून वाहून जातं. लाइट गेली की वाफ बंद. सगळं करून छाती मोकळी झाली असं वाटायचं, आणि संध्याकाळपर्यंत परत भरायची. विहीर उपसून ठेवली आणि सकाळी गाळ तेवढाच, असं ते काम होतं.

यंत्र

दोन वर्षांनी संभाजीनगरच्या दवाखान्यात रुबीना मॅडम भेटल्या. श्वासाचे व्यायाम शिकवायचं त्यांचं काम. माहेर बीडचं, त्यामुळं माझं बोलणं ऐकताच त्यांनी खुर्ची जवळ ओढली. तेव्हा मला घराची पायरी चढूनही दम लागायचा. त्यांनी मुठीत मावेल असं प्लास्टिकचं एक यंत्र दाखवलं. आत स्प्रिंग असते. नाकाला चिमटा लावायचा, नळी दातांत धरायची, आणि श्वास जोरानं आत ओढायचा. स्प्रिंग हवा अडवते. ती अडवते त्यापेक्षा जास्त जोर लावला तरच हवा आत येते. खालचा खटका पिळला की स्प्रिंग आणखी घट्ट.

"यानं फुप्फुस बरं होतंय का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी तुला खोटं सांगनार नाही. फुप्फुस आहे तेच राहतं. ते फुगवनारे स्नायू आहेत ना, बरगड्यांचे, पोटाच्या वरचे, ते बळकट होतात. या आजारात किती फायदा होतो ते नक्की कुनालाच माहीत नाही. कुनाला होतो, कुनाला नाही. पन करून बघायला लागतं. मात्र रक्त पडलं, छातीत कळ आली, ताप आला, तर हात लावायचा नाही. आधी मला फोन."

पहिल्या दिवशी मी ओढलं तर काहीच आत आलं नाही. घशाशी आवळलं, डोळ्यांत पाणी आलं. उशीखाली तोंड दाबून कुणी श्वास घ्यायला सांगावं तसं वाटलं. आधीच ज्याला श्वास पुरत नाही, त्यालाच मुद्दाम अडवून श्वास घ्यायला लावायचं, ही कसली रीत? दुसऱ्या दिवशी बरगड्या अशा दुखल्या, जशा पहिल्या खुरपणीनंतर मांड्या दुखतात. मी रुबीना मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "दुखतंय ना? म्हंजे तिथं स्नायू आहे."

दिगूलाही यंत्र मिळालं, त्याचं वेगळं. आणि इथं मला दिगूबद्दल सांगायला पाहिजे.

दिगूला क्रिकेट खेळता येत नव्हतं. दोन पावलं पळाला की खाली बसायचा. पण आमच्या भागात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, मोठी बक्षिसं, मोठे भोंगे, आणि तिथं माइकवर बोलायला एक माणूस लागतो. दिगू चौदा वर्षांचा असताना एकदा तो माणूस आला नाही, आणि दिगूनं माइक हातात घेतला. तेव्हापासून केज, धारूर, अंबाजोगाईपर्यंत त्याला बोलावणं यायचं. एका दमात बोलायचा. "आणि हा चेंडू निघाला, उंच, आणखी उंच, लाइटीची डीपी ओलांडून थेट पाटलाच्या ज्वारीत! क्षेत्ररक्षकाला विनंती आहे, जातच आहात तर विळा घेऊन जा, रिकाम्या हातानं यायला नको." लोक मॅच सोडून त्याचं ऐकायला यायचे.

पण ते एका दमात बोलणं हळूहळू तुटत गेलं. पहिल्यांदा त्यानं वाक्यं लहान केली. मग वाक्याच्या मधे थांबायला लागला. लोकांना ती त्याची नवी ढब वाटली. काही पोरं तर त्याची नक्कल करताना मुद्दाम मधे थांबायची. मला दाराआडून ऐकू यायचं. त्याचा दम कुठं संपतो ते मला कळायचं, कारण माझाही तिथंच संपायचा.

"मला फकस्त पुरं वाक्य पायजे, मॅडम," तो फोनवर रुबीना मॅडमना म्हणाला. "बाकी आयुष्य तुकड्या-तुकड्यानं चालंल."

सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं बंद दाराच्या दोन बाजूंना बसायचो. मी ओढायचे, तो ओढायचा. आत येणाऱ्या हवेचा आवाज सायकलच्या पंपासारखा, फरक इतकाच की उलटा. आपला एक श्वास झाला की तो माझ्यावर बोलायला लागायचा. "केजची आक्का धावत येतेय, नाकाला चिमटा, डोळ्यांत पाणी, आणि ओढला! पंचांचा निर्णय काय? पंच म्हणतात, अर्धाच आला, परत टाका!" मला हसू यायचं आणि नळी तोंडातून सुटायची.

"गप बस ना दिग्या. मोजायचं चुकतंय माझं."

"चुकू दे की. तू हारायली म्हनून मोजणं चुकायलंय."

स्प्रिंग आम्ही एकमेकांच्या ईर्ष्येनं घट्ट करत गेलो. आई मधेच मोठ्यानं विचारायची, "कोन पुढं हाय?" आणि आम्ही दोघंही एकदम म्हणायचो, "मी."

मी एवढंच सांगू शकते, की काही महिन्यांनी मी न थांबता नळावरून हंडा आणायला लागले. आंघोळ करताना मधे बसावं लागेना. तपासणीत फुफ्फुसाचा आकडा तसाच खाली होता, किंचित आणखी खालीच गेला होता. पण आंघोळ उभं राहून होत होती. ज्यांना ती रोज उभं राहून होते त्यांना यातलं सुख कळणार नाही.

सिरसाळा

सिरसाळ्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा दिगू एकोणीस वर्षांचा होता. आई नको म्हणाली. धूळ, ऊन, दिवसभर बोलणं. रुबीना मॅडमनीही सांगितलं, तोंडाला मास्क, सावलीत बसायचं, मिठाचं पाणी प्यायचं, एकच डाव. दिगू ऐकणाऱ्यातला नव्हता. आई बाबांवर चिडली. "तुमी कावून हो म्हनलात? तुमाला दिसंना का त्याचं काय व्हायलंय?"

बाबा म्हणाले, "घरात कोंडून त्यो जगनार हाय का? तसं सांग, मंग कोंडतो."

बाबांनी जीप काढली. मला त्या गाडीत जागा नव्हतीच.

स्पर्धा कुणीतरी मोबाइलवरून थेट दाखवत होतं. मी मागच्या खोलीत फोन कानाशी धरून बसले. चित्र अडकत होतं, आवाज मात्र नीट येत होता. पहिल्या षटकात त्यानं मोजकंच बोलून घेतलं. मग एक उंच फटका गेला आणि त्यानं बोलायला सुरुवात केली. चेंडू, त्याखालचा क्षेत्ररक्षक, त्याची निसटणारी चप्पल, सीमेवर बांधलेली म्हैस, ती म्हैस कुणाची, ती कुठल्या संघाला मानते, आणि शेवटी झेल. सगळं एका श्वासात. मधे कुठंही थांबला नाही. कित्येक महिन्यांत त्यानं एवढं लांब वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी आईला हाक मारली. "आई, ऐक, ऐक." आई पीठ लागलेल्या हातानं आली आणि फोनला कान लावून उभी राहिली. लोकांच्या शिट्ट्या येत होत्या. आमच्या वाट्याला आलेलं सुख मोजून सांगायचं तर ते हे.

दिगू एका डावावर थांबणाऱ्यातला नव्हता, आणि दुसऱ्या डावाला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

आम्ही बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. मग त्यांनीच केला, म्हणाले, "आंबाजोगाईला निघालोय. रगत पडायलंय तोंडातून." मागून दिगू खोकत होता. मी तो खोकला ओळखत होते, आणि तरीही तो ओळखीचा नव्हता.

वॉर्ड

अंबाजोगाईहून संभाजीनगर. रक्त थांबलं, पण फुफ्फुसात जंतूंनी उचल खाल्ली होती. तोंडावर मास्क बांधून मशीननं हवा दाबून आत सोडत होते. आई तिथंच राहिली. बाबा जीप बंद ठेवून जिन्याखाली झोपायचे. आई त्यांच्याशी बोलत नव्हती. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, सिरसाळ्याला गेला नसता तरी हे झालं असतं, आज नाही तर महिन्यानं. आई ऐकायची, मान हलवायची आणि बाबांना न बघता त्यांच्या शेजारून जायची. आजपर्यंत तिनं बाबांना त्याबद्दल एक शब्द वाईट बोललेला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. बाबांनाही तसंच वाटत असावं.

मला आत जायला परवानगी नव्हती. त्याला जपण्यासाठी आणि मला जपण्यासाठी. मी वऱ्हांड्याच्या टोकाला उभी राहायचे. दार उघडलं की त्याची खाट दिसायची. तो हात वर करायचा, मी करायचे. तिथल्या एक मावशी फरशी पुसायच्या. दोन दिवस त्यांनी मला बघितलं, मग तिसऱ्या दिवसापासून फरशी पुसताना दार उघडं ठेवून तिथंच रेंगाळायला लागल्या. एकाच जागेवर फडकं फिरवत राहायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मास्कमुळं त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो फोनवर लिहायचा. आधी चेष्टाच असायची. "पेशंट मैदानावर स्थिर. सलाईनचा संघ आघाडीवर." मग शब्द कमी झाले. रोज दुपारी एक मात्र यायचं, "तू ओढलं का आज?" मी लिहायचे, "हो." आणि खरंच ओढायचे, तिथंच, जिन्यावर बसून.

एका दुपारी ते आलं नाही. मी वाट बघितली. मग आई वऱ्हांड्यात आली आणि माझ्याकडं न बघता भिंतीला टेकली.

दिगू गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आता ये तू, मास्क लावून." तीन वर्षांनी मी त्याच्या हाताला हात लावला. बोटांची टोकं माझ्यासारखीच, फुगीर. हात अजून कोमट होता.

स्नायू आणि फुफ्फुस

त्यानंतर मी यंत्र कपाटात ठेवून दिलं. दोन्ही खोल्या आता माझ्याच होत्या. मधलं दार उघडं राहायचं आणि मी त्या दारातून जायचे नाही. आई वाफेचं मशीन लावून द्यायची, पाठ थापायची. एकदा थापता थापता तिचा हात थांबला, आणि बराच वेळ तसाच माझ्या पाठीवर राहिला.

रुबीना मॅडमचे फोन मी घेत नव्हते. शेवटी तपासणीला जावंच लागलं. त्यांनी श्वासाच्या जोराची आणि फुफ्फुसाची, दोन्ही तपासण्या केल्या. महिना-दीड महिना काही केलं नव्हतं, तरी श्वास ओढायची ताकद पहिल्या दिवसाच्या कितीतरी वर होती. फुफ्फुसाचा आकडा आजवरचा सगळ्यात खालचा. दोन कागद त्यांनी शेजारी-शेजारी ठेवले.

"म्हंजे बैल तगडा झाला," मी म्हटलं, "पण विहिरीत पाणीच नाही."

"हो," त्या म्हणाल्या.

"मग कावून करायचं, मॅडम?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला विचारशील तर, उरलं आहे ते पाणी वर काढायला बैल लागतोच. यापेक्षा मोठं मला काही सांगता येत नाही. येत असतं तर सांगितलं असतं."

डॉक्टरांनी फुफ्फुस बदलण्याबद्दलही सांगितलं. लांबचं शहर, तिथं राहून वाट बघायची, कुणीतरी गेल्याशिवाय मिळत नाही, आणि त्याआधी वजन वाढायला पाहिजे, जे माझं वाढत नाही. बाबा म्हणाले, "जाऊ. जीप इकडं उभी करू अन् जाऊ." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय ते बाबांना माहीत आहे.

मी पुन्हा ओढायला लागले. उमेद आली म्हणून नाही. मधे सोडलं तेव्हा आंघोळीला पुन्हा पाट लागायला लागला होता, आणि आईला माझ्या अंगावर पाणी ओतावं लागत होतं. तेवढं तरी तिच्याकडून करून घ्यायचं नव्हतं. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात हा आजार असेल तर माझ्याकडं सांगण्यासारखं एवढंच आहे. मोठं कारण शोधत बसू नका, ते सापडत नाही. पाटासारखं कारण पुरतं.

अंगणात

मागच्या महिन्यात बाबा मांजरसुंब्याकडच्या एका गावाहून एका बाईला घेऊन आले. जीपमध्ये तिच्या मुलीला खोकताना बघून बाबांनीच विचारलं होतं, आणि आजाराचं नाव ऐकून तिला म्हणाले होते, माझ्या घरी चला. मुलगी सहा-सात वर्षांची. बाबांनी मुलीला रस्त्यापलीकडं जीपमध्येच बसवलं, काचा वर करून. नियम त्यांना पाठ आहेत. बाई अंगणाच्या एका टोकाला बसली, मी मास्क लावून दुसऱ्या टोकाला.

तिला पुण्यात सगळं सांगितलं होतं, पण कळलं नव्हतं. मला जसं कळलं तसं मी सांगितलं. वाफ, कॅप्सूल, मीठ, ऊन लागू द्यायचं नाही. यंत्राबद्दलही सांगितलं, की मुलीला ते आताच नको, डॉक्टर म्हणतील तेव्हा.

"बरं व्हतंय का हो यानं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं म्हणाली, "जीपवाले दादा म्हनले, तुमचा भाऊबी करायचा म्हनं हे. त्येला विचारू का? कुठं हाय त्यो?"

बाबा जीपपाशी उभे होते. त्यांनी तिला अर्धंच सांगितलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं, ते जीपची काच पुसायला लागले. तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन बाहेर आली. तिनं ऐकलं होतं.

"त्यो गेला, बाई," आई म्हणाली. कप तिच्यापुढं ठेवला. "पर करायचा. रोज करायचा."

बाई आईकडं बघत राहिली. पलीकडं जीपच्या काचेला नाक लावून मुलगी आम्हाला बघत होती. मला वाटलं आता ही उठेल, मुलीला घेईल आणि जाईल. तिनं चहा घेतला. सगळा प्यायली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "मंग दाखवा मला. कसं करायचं ते."

मी आतून यंत्र आणलं आणि अंगणाच्या पार कोपऱ्यात गेले, वारा माझ्याकडून तिच्याकडं जाणार नाही अशा बाजूला. मास्क काढला आणि नाकाला चिमटा लावला.